पदराआडची ओवी

“चालू झालं,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी एक बोट वर केलं.

परड्यात पिंजऱ्यासमोर पालथ्या घातलेल्या बादलीवर ते बसले होते. मी नुकतीच शिलाईच्या दुकानातून आले होते. पायांत चपला, खांद्याला पिशवी, ब्लाऊजच्या काजांनी डोळे शिणलेले. आमच्या पिंजऱ्यात तेव्हा हिरवी, पिवळी, निळी अशी पुष्कळ पाखरं होती, आणि सगळी एकदम बोलायची. मी आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांच्याशी बोलायचं तर समोरच जावं लागायचं.

“काय चालू झालं?”

“गातीया. त्या निळ्याकडं बघ की.”

निळा नर मडक्याच्या तोंडाशी बसला होता. डोक्यावरची पिसं फुगलेली, बुबुळ घटकेत मोठं, घटकेत मोहरीएवढं. गळा असा थरथरत होता, जणू आत कुणी रहाट फिरवतंय. पलीकडच्या दांडीवरचा पिवळा मान खालीवर करत होता. चार मडक्यांवरचे चारी नर तसेच.

मी खिडकीकडं कान दिला. पाखरांच्या कलकलाटाच्या खालून, बारीक, आईचा आवाज येत होता. खरंच गात होती.

“हो,” मी मान हलवली. “गातीय.”

“मग!” आप्पा म्हणाले आणि मिशीत हसले. ठार बहिऱ्या माणसानं ते गाणं माझ्या आधी पकडलं होतं.

“आत जाऊन बसा की जवळ.”

“नको. मी गेलो की थांबती.”

त्याला आता खूप वर्षं झाली. इचलकरंजीत तेव्हा गल्लीगल्लीत माग खडखडत असायचे. आप्पा पोरवयात मागाच्या कारखान्यात गेले आणि त्यांचे कान कारखान्यानं ठेवून घेतले. हळूहळू गेले, त्यामुळं त्यांना त्याचं दुःख कधी लख्ख असं झालं नाही. मागावरची माणसं तशीही कानांनी बोलत नाहीत. त्या खडखडाटात कोण ओरडणार? ती ओठांनी बोलतात. कारखान्याच्या ह्या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला डबा आणलास का विचारतो, आवाज न काढता, नि त्याला कळतं.

आई त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती. कांडी म्हणजे मागात आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. रहाटापाशी बसून ती दिवसभर कांड्या भरायची नि दिवसभर ओव्या म्हणायची. जात्यावरच्या ओव्या तिच्या आईच्या, त्यांत तिनं आपल्या घालून वाढवलेल्या. आप्पा माग चालवता चालवता तिच्या ओठांवरून त्या वाचायचे. लग्न त्यांचं असं जमलं. माझ्या वडलांनी बायकोचं एक गाणं कधी ऐकलं नाही, आणि एकही चुकवलं नाही.

एक सोडून.

एक ओवी अशी होती, की ती आली की आई पदर ओठांवर ओढून घ्यायची. आप्पा मागावरून मान वेळावून बघायचे. नुसते डोळे दिसायचे, हसरे, आणि पदर हलताना. “काय म्हणालीस?” “काही न्हाई.” “सांग की.” “तुमाला काय करायचंय? बायकांचं हाय.” मी शाळेत जायला लागले तेव्हा हे चाललेलं होतं, मी शाळा सोडली तरी चाललेलं होतं. बायकोची चेष्टा करायची लहर आली की आप्पा स्वतःच्याच उपरण्यानं तोंड झाकून डोळे मिचकावायचे, आणि आई हातात येईल ते त्यांच्या दिशेनं फेकायची.

मग तिला झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं, वाचा गेली.

आप्पांनी मागाचं काम सोडलं. पहिले दिवस ते तिच्या उशाशी बसून असायचे, तिच्या तोंडाकडं टक लावून. ती काहीतरी म्हणायची; आवाज निघायचा, शब्द व्हायचा नाही. मला ऐकून कळत नव्हतं, त्यांना बघून कळत नव्हतं. “परत म्हण,” ते म्हणायचे. “सावकाश म्हण. माझ्याकडं बघून म्हण.” वाकडे ओठ हलायचे, थांबायचे. जन्मभर वाचलेलं पुस्तक कुणी पावसात टाकावं, तसं त्यांना झालं असणार. एके दिवशी तिनं चांगल्या हातानं पदर घेतला आणि तोंडावर ओढला. त्यानंतर आप्पा खोलीत आले की पदर तोंडावर.

“माझ्यापुढं लाजती अजून,” ते मला म्हणाले. हसून म्हणाले.

गाणं आलं ते असंच, अवचित. मी तिची वेणी घालत होते. डोक्याला तेल लागलं की ती जुन्या सवयीनं गुणगुणायची, तशी गुणगुणली. आणि गुणगुणता गुणगुणता शब्द आले. पाणी मागता येत नव्हतं त्या तोंडातून अख्खी ओवी आली, थोडी बोबडी, पण अख्खी. माझ्या हातातला फणा तसाच राहिला. डॉक्टर नंतर म्हणाले, होतं असं कधी कधी. बोलण्याचं घर निराळं असतं, गाण्याचं निराळं. एक जळालं तरी दुसरं राहतं.

तीच ओवी होती. पदराआडची. तेवढीच तिच्याजवळ उरली होती.

मी उठलेच आप्पांना सांगायला. तिनं चांगल्या हातानं माझा दंड धरला आणि तळहात माझ्या तोंडावर ठेवला. डोळे मोठे केले. सांगायचं नाही.

“बरं बाई, शब्द नाही सांगत,” मी म्हटलं. “गातीस एवढं तर सांगू?”

आप्पा धावत आले, तिनं पदर घेतला, गाणं थांबलं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून आप्पा उंबऱ्याबाहेर राहिले. त्यांची बादली परड्यात, आईच्या खिडकीला लागून असलेल्या पिंजऱ्यापुढं आली. आणि तिथून त्यांना तिचं गाणं दिसायला लागलं.

“कोणती ओवी म्हणती ग?” त्यांनी मला विचारलं होतं.

“तीच.”

“पदराआडची?”

“हं.”

“काय हाय तिच्यात?”

“आईला विचारा.”

“तिला!” ते म्हणाले. “तिला बोलाय यायचं तवा सांगितलं न्हाई तिनं.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “सांगंल. बरी झाली की सांगंल.”

पाखरांवर त्यांचा एवढा भरवसा का, ते इब्राहिमचाचांना ठाऊक होतं. चाचा म्हणजे कारखान्यातले जॉबर, मागांची दुरुस्ती करणारे. पाखरांची पहिली जोडी त्यांनीच दिलेली. गावात सगळे त्या पाखरांना लव्हबर्ड म्हणायचे, चाचा एकटे ‘बजरी’ म्हणायचे. आठवड्यातून एकदा पाखरांसाठी राळ्याची पिशवी घेऊन यायचे नि आप्पांची खिल्ली उडवत बसायचे.

“सिदबा, लेका बहिऱ्यानं पाळावं ते मासं. गाणारी पाखरं काय करायची तुला?”

“तुझी बडबड ऐकाय येत न्हाई, हे काय कमी हाय?” आप्पा म्हणायचे.

“ऐकाय येत न्हाई, बघाय येती न्हवं!”

“तोंड फिरवलं की झालं.”

“मालन,” चाचा मला म्हणायचे, “तुला सांगतो पोरी, मी ही जोडी दिली तवा ह्याला म्हटलं, एकटी जोडी अंडी घालायची न्हाई. ह्या जातीला गलका लागतो. शेजारीपाजारी चार नर ओरडत असलं तरच मादी मडक्यात शिरती. आणखी दोन जोड्या घे. तर ह्याच्या खिशात न्हाईत. सा महिनं मडकं रिकामं. मादी नुसती बघायची नि दांडीवर जाऊन बसायची.”

“मग?” मला ठाऊक होतं, तरी मी विचारायची.

“मग तुझ्या आईनं रहाट परड्यात आणला. म्हणाली, आमास्नी तरी माग बंद झालं की झोप कुठं येती? ह्यांचं बी तसंच असंल. बसली कांड्या भरत नि ओव्या म्हणत. आणि काय सांगू, त्या नरानं असा गळा काढला, असा गळा काढला! आठ दिवसांत मादी मडक्यात. वहिनीच्या आवाजावर अंडी झाली बघ ह्या घरात.”

त्या जोडीची ही सगळी प्रजा. बाजूला भोक पाडलेली मातीची मडकी तारेनं एका उंचीवर टांगलेली. खाली-वर टांगली तर वरच्या मडक्यासाठी माद्या एकमेकींची पिसं काढतात, हे आईनंच शोधून काढलेलं. तपकिरी नाकाच्या माद्या आत बसायच्या, निळ्या नाकाचे नर भोकाशी येऊन त्यांना भरवायचे, आणि भरवून झालं की गायचे. आई मडक्यापाशी मान नेऊन म्हणायची, “बसा बाई बसा. बाळंतिणीनं उठू नये.” तीच आई आता खिडकीच्या आत पडून होती आणि बाहेर तिच्या आवाजानं वाढलेली पाखरं तिचं गाणं आप्पांना दाखवत होती. एवढंच आमच्या घरात उरलेलं सुख.

रविवारी मी घरी असायची. सकाळी नि संध्याकाळी मी ते कानांनी ऐकलेलं आहे: आई गायला लागायची नि घटकाभरानं नरांची डोकी फुगायची. आप्पा बोट वर करायचे. इतर दिवशी दुपारभर काय व्हायचं, ते फक्त आप्पांना आणि पाखरांना माहीत.

दिवाळी होऊन गेली होती. ऊन पिवळं पडायला लागलं की परड्यात बसावंसं वाटतं, असे दिवस. मी दुकानातून आले तेव्हा आप्पा बादलीवर बसले होते. हातात आरशाचा तुकडा. त्यानं ते उन्हाची तिरीप मडक्याच्या भोकात पाडून आत बघायचे. मला बघितल्याबरोबर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मग मला हातानं जवळ बोलावलं आणि, त्यांच्या मते हळू, म्हणाले,

“पिल्लू फुटलं. कोपऱ्यातल्या मडक्यात. वालाएवढं हाय.”

मी वाकून बघितलं. मादी जरा सरकली, आणि आत काहीतरी गुलाबी, आंधळं, हललं.

“आईला दाखवलं?”

“दाखवणार की. तळहातावर घिऊन दारातनं दाखवणार, नि लगेच ठेवणार. पर ती गातीया.” त्यांनी नरांकडं हात केला. सगळ्यांचे गळे थरथरत होते. निळ्यानं तर डोळे मिटत आणलेले. “दुपारधरनं गातीया आज. दम म्हणून न्हाई. मधेच गेलो तर थांबंल. म्हटलं, होऊ दे तिचं. आज लई लागलाय गळा.”

ते इतके खुशीत होते. आईला जेवायला वाढलेलं ताट तसंच ओट्यावर झाकून होतं.

मी खिडकीकडं कान दिला.

कलकलाट होता. त्याच्या खाली शोधलं मी. सवयीनं, सुताच्या गुंत्यात टोक शोधावं तसं. पुन्हा शोधलं.

त्याच्या खाली काही नव्हतं.

मी आत गेले. आई पडलेली होती तशीच पडलेली होती. चेहऱ्यावर पदर नव्हता. तो छातीवर गळून आलेला. चांगला हात खिडकीच्या बाजूला लांबलेला. मी तो धरला. त्यात ऊब नव्हती, आणि ती आत्ताच गेलेली ऊब नव्हती.

बाहेर येऊन मी आप्पांच्या समोर उभी राहिले. नेहमीसारखी, समोर. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला ओठ हलवता आले नाहीत. त्यांनी तेही वाचलं.

आत आले तेव्हा त्यांच्या हातात आरशाचा तुकडा होता अजून. ते तिच्यावर वाकले. ओढलेलं तोंड सुटून सरळ झालं होतं. झटक्याच्या आधीचं तिचं तोंड, जसंच्या तसं. पाऊण वर्षानं ते त्यांना दिसलं. ते किती वेळ वाकून होते. वाट बघत असल्यासारखे.

“आत्ता गात होती,” ते म्हणाले. “आत्ता, आत्ता गात होती.”

येईल त्याला ते हेच सांगत होते. शेजारच्यांना, माझ्या मामाला, धावत आलेल्या इब्राहिमचाचांना. “गात गात गेली. मी बाहेर बसलेलो. गात गात गेली.” आणि लोक मान हलवत होते, कारण अशा वेळी मान हलवायची असते.

आंघोळ घालायला बायका जमल्या. त्यांतली एक, समोरच्या दारातली, आमच्याच घरातल्यासारखी, मनानं वाईट नाही. तिनं बाहेर येऊन दुसरीच्या कानाशी तोंड नेलं नि कुजबुजली. बहिऱ्या माणसापुढं कुजबुजायला कोण भितं? पण मागावरच्या बहिऱ्याला कुजबुज आणि आरोळी सारखीच. आप्पा ओट्याच्या पलीकडच्या टोकाला भिंतीला टेकून होते. मी बघितलं: त्यांची नजर तिच्या ओठांवर होती.

“कवाच गेलीया,” ती म्हणत होती. “अंग ताठलंय. दुपारीच गेली असणार. आणि ह्यो बाबा बाहेर पाखरं बघत बसलेला.”

आप्पांनी मान खाली घातली. त्यानंतर ‘गात गात गेली’ हे वाक्य त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. इब्राहिमचाचा एका दुपारी सायकलीला मोठी जाळीची पेटी बांधून आले. खाली बसून त्यांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला नि ओठांनीच म्हणाले, “पाखरं मी नेतो, सिदबा. डोळ्यापुढं नकोत. पिल्लू मोठं झालं की तेबी न्हेईन.”

“न्हे,” आप्पा म्हणाले. “पर आज न्हाई. मला एक बघायचंय.”

“काय बघायचंय?”

आप्पा पिंजऱ्याकडं वळले. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मलाही माहीत नव्हतं. चाचा पेटी आमच्याच परड्यात ठेवून गेले.

ते गेल्यावर आप्पा मला म्हणाले, “मालन, आत जा. तिच्या जागंवर बस. गा.”

“काय गाऊ?”

“ती गायची तेच. तुला येतं न्हवं?”

“येतं.”

“थोडं गा. मग थांब. आतच बस, भाईर येऊ नको. मी हाक मारीन.”

मागाचा बिघाड शोधताना आप्पा असंच करायचे. एक एक भाग बंद करून बघायचे, कुठं काय बिनसलंय. तोच आवाज होता त्यांचा, कामाचा. मला त्याची भीती वाटली.

आईच्या खोलीत गादी गुंडाळून भिंतीला लावलेली होती. मी रिकाम्या खाटेवर बसले. खिडकीतून आप्पांची पाठ दिसत होती, आणि तिच्या पलीकडं जाळी. गाणं कुठून फुटणार? तरी म्हटलं. एकदा म्हटलं, आवाज चिरकला. पुन्हा म्हटलं. बाहेरचा निळा सावध झाला. पिसं फुगली. मग पिवळा, मग दुसरे. कलकलाट चढला. आप्पांची पाठ ताठ झाली.

मी थांबले.

पाखरं थांबली नाहीत. एकाचं ऐकून दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा, तिसऱ्याला चढलेलं बघून पुन्हा पहिला. त्यांना आता माझी गरज नव्हती. कलकलाट उलट वाढतच गेला. मी खाटेवर बसून होते, ओठ मिटून, आणि आप्पा बाहेर बसून होते, आणि ते हाक मारत नव्हते. ऊन जाळीवरून भिंतीवर गेलं. पाखरांना दम म्हणून नव्हता. शेवटी मला बसवेना. मी बाहेर गेले.

“कवा थांबलीस?” त्यांनी विचारलं. नजर पिंजऱ्यावरच.

मी त्यांच्या समोर आले.

“मघाच.”

“मघा म्हंजे?”

“सुरुवातीलाच, आप्पा. दोनदा म्हटलं आणि थांबले.”

त्यांनी पाखरांकडं बघितलं. निळा डोळे मिटून गात होता.

“मग मला काय दिसत हुतं?” ते म्हणाले. “येवढं दिवस बसून मी काय बघत हुतो?”

“आप्पा—”

“ती आत गेली, नि मी हितं बसून मान डोलावत हुतो. ताट झाकून ठेवलं. का, तर तिचं गाणं मोडायला नको.” त्यांचा आवाज मोठा झाला होता, त्यांना कळत नव्हतं, गल्लीत कुणीतरी थांबून आत बघितलं. “आत गेलो असतो तर पदर घेतला असता. एवढंच झालं असतं. घेऊ दे की पदर! पदर घेतलेली बसली असती माझ्यापुढं.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना माझ्याकडं फिरवलं.

“गायची ती,” मी म्हटलं, सावकाश, एकेक शब्द ओठांवर मांडत. “मी ऐकलंय. रविवारी ऐकलंय, सकाळी ऐकलंय. शेवटचं सोडा. बाकीचं खरं होतं.”

ते बघत होते. विश्वास ठेवावा की नाही असं नव्हतं त्यांच्या नजरेत. ते फक्त वाचत होते.

“सांग,” ते म्हणाले.

“काय?”

त्यांनी उपरण्याचं टोक उचललं. तोंडावर धरलं. डोळे मिचकावायचं मात्र त्यांना जमलं नाही.

माझ्या तोंडावर तिचा तळहात आला. तेलाचा वास असलेला, जड. मी एवढ्या दिवसांत हे शब्द कुणाला सांगितले नव्हते. बायकांचं हाय, ती म्हणाली होती. आणि नवऱ्याचं कौतुक नवऱ्याच्या तोंडावर करायची तिला जन्मभर लाज वाटली होती, बाकी काही नव्हतं. मी पदर खांद्यावरून काढून कमरेला खोचला. तोंड उन्हाकडं केलं, म्हणजे ओठ दिसावेत. आवाज काढला नाही. आवाजाचं इथं काम नव्हतं.

धोटा धावे खटाखटा, साद माझी गं हरवली
कंथानं माझ्या बाई, ओठांवरून वेचली

आप्पांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, वाचायला लागलेल्या पोरासारखे. ‘वेचली’पाशी ते थांबले.

“परत,” ते म्हणाले.

मी परत म्हटलं.

“परत.”

कोपऱ्यातल्या मडक्यातून मादी बाहेर आली, पाणी प्यायली, आत गेली. चाचांची पेटी भिंतीशी उघडी पडून होती. मी म्हणत राहिले, ते “परत” म्हणत राहिले. ऊन कौलांवरून गेलं. उजेड उतरला तशी पाखरं एकेक करून गप्प झाली, दांडीवर अंग चोरून बसली. आप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते पुढं सरकत होते, आणखी पुढं, डोळे बारीक करून. मग अंधारात माझे ओठ त्यांना दिसेनासे झाले असणार, कारण त्यांनी हात वर केला, आणि मागावर सुताची तुटलेली तार चाचपतात तशी आपली खरखरीत बोटं माझ्या ओठांवर ठेवली.

“म्हण,” ते म्हणाले.